दिघेकाकांना रिकामी जागा चालत नाही

दिघेकाकांनी मला राक्षसांत टाकलं ते लिफ्टमध्ये, तळमजल्यापासून आमचा मजला येईपर्यंतच्या वेळात.

आम्ही त्या दिवशी सिंगापुरात, बुकित पंजांगच्या या फ्लॅटमध्ये राहायला येत होतो. माझ्या एका हातात मिक्सर, दुसऱ्या हातात देवघर, आणि कुकर कुठल्या खोक्यात गेला यावरून माझं आणि माझ्या बायकोचं, अश्विनीचं, मराठीत भांडण चाललेलं. लिफ्टच्या कोपऱ्यात एक उंच, काटकुळे, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ उभे होते. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, माझ्या तोंडाजवळ तोंड आणलं आणि म्हणाले, "गोल डोळे. राक्षस." मग अश्विनीकडे वळले. "तुमचे लांबट आहेत. तुम्ही देवी." लिफ्टचं दार उघडलं. राक्षसाला खोक्यांसकट तिथेच सोडून ते आमच्या लगतच्या दारात शिरले. देवीला हे गृहस्थ तेव्हापासून आवडतात.

या वर्गवारीचं मूळ बाली बेटावर आहे, हे मला पुढे कळलं. म्हणजे रोज कळतच राहिलं. तिथे कामासान नावाचं एक गाव आहे. त्या गावातली काही घराणी पिढ्यानपिढ्या कापडावर रामायण-महाभारत रंगवत आली आहेत. चित्रातला माणूस कुठल्या स्वभावाचा हे त्याच्या डोळ्यांवरून ओळखायचं. सज्जनाचे डोळे लांबट, निमुळते. आडदांडाचे गोल, बटबटीत. गावकऱ्यांनी हा नियम चित्रापुरता ठेवला होता. काकांनी तो सबंध सिंगापूरला लावला. खालच्या हॉकर सेंटरमधला, म्हणजे खाऊगल्लीतला, कॉफी विकणारा कोपीवाला देव, त्याची बायको राक्षसीण, खालच्या मजल्यावरच्या लिम आंटी गंधर्वकन्या. एलआरटी ट्रेनमध्ये ते लांबून मला हाक मारत, "काय राक्षस, आज उशीर?" शेजारी माझा मॅनेजर उभा असे, आणि मॅनेजर नेमका नागपूरचा.

"निदान वानर तरी म्हणा," मी एकदा काकुळतीला येऊन म्हटलं. "त्यांचेही डोळे गोलच असतात."

"वानराला शेपूट लागतं," काका म्हणाले. विषय संपला.

काका मूळचे नाशिकचे. उभा जन्म रॅफल्स प्लेसच्या एका बँकेत ऑडिटमध्ये गेला. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढायचा पगार घेतला, आणि निवृत्त झाल्यावर तेच काम ते फुकट करू लागले. लग्न केलं नाही. नातेवाइकांबद्दल विचारलं तर "आहेत, आहेत" म्हणत आणि आपल्या कुंड्यांकडे वळत. सगळ्या रजा मात्र त्यांनी कामासानला, एका चित्रकाराच्या घरच्या ओट्यावर काढल्या. त्या घरच्या म्हाताऱ्या चित्रकाराला ते 'बापाक' म्हणायचे आणि त्याच्या बायकोला 'इबू'. वडील आणि आई. तिकडे वडीलधाऱ्या माणसांना असंच म्हणतात, हे त्यांनी आम्हाला पहिल्याच दिवशी बजावून सांगितलं होतं. बापाक रेषा काढणार, इबू रंग भरणार, अशी त्या घरातली वाटणी. काकांना रंग भरायला इबूनं शिकवलं होतं.

या शिक्षणातून त्यांनी जो मंत्र आणला त्यानं आमचा मजला त्रासून गेला होता. मंत्र असा: "रिकामं ठेवायचं नाही." कामासानच्या चित्रात मोकळी जागा सोडत नाहीत. दोन माणसांमध्ये बोटभर फट राहिली तरी तिथे हवेचे बारीक बारीक वळसे काढतात. "हवा म्हणजे काय रिकामं असतं?" काका विचारायचे. त्यांच्या फ्लॅटमध्ये अर्थातच पाय ठेवायला जागा नव्हती. मग हवेचे वळसे कॉरिडॉरमध्ये आले. माझ्या चपलांच्या रॅकवर एक कप्पा मोकळा दिसला, तिथे त्यांची कडीपत्त्याची कुंडी आली. तुळस माझ्या सायकलीच्या जागी आली. सायकल कुठे गेली ते मला दोन दिवस सापडलं नाही. आम्ही त्यांना भाजी दिली की डबा कधी रिकामा परत यायचा नाही, आणि हे चांगलंच आहे, आपल्यातही तीच रीत आहे. पण एकदा त्यांच्याकडे द्यायला काहीच नव्हतं तेव्हा डब्यातून तुळशीच्या मंजिऱ्या, दोन रबरबँड आणि टायगर बामची बाटली आली.

त्यात त्यांचे कापडाचे प्रयोग. चित्राचं कापड आधी तांदळाच्या खळीत बुडवायचं, उन्हात वाळवायचं आणि मग एका मोठ्या कवडीनं घासून घासून गुळगुळीत करायचं. काका ते खिडकीबाहेरच्या बांबूवर वाळत घालत. खळ ठिबकायची ती थेट लिम आंटींच्या धुण्यावर. गंधर्वकन्या एक दिवस हातात उशीची खोळ घेऊन वर आली. तिनं ती काकांच्या दारात जमिनीवर ठेवली आणि हात सोडला. खोळ उभी राहिली. "अंकल, सी! कॅन स्टँड बाय इटसेल्फ, यू नो!" काकांनी खोळ हातात घेतली, अंगठ्यानं चाचपली आणि म्हणाले, "व्हेरी गुड. नाऊ ओन्ली पॉलिश."

ते पॉलिश माझ्या हॉलच्या भिंतीला लागून व्हायचं. मी क्लायंटशी व्हिडिओ कॉलवर असलो की पलीकडे घर्र, घर्र, घर्र. लंडनची एक बाई मला म्हणाली, तुमच्याकडे कुणी आजारी आहे का? आमची लेक मिहिका घरात असली की इंग्रजीतच बोलते, तेही सिंगापुरी. ती म्हणाली, "बाबा, जस्ट मूव्ह हाउस लाह."

काकांची आणखी एक खोड सांगतो, कारण पुढे ती लागणार आहे. हा माणूस कुठेही वेळेच्या फार आधी पोचतो. दातांच्या डॉक्टरकडे अकराची वेळ असली की हे क्लिनिक उघडायच्या आधी शटरसमोर. विमानाच्या दिवशी तर पहाटेच चांगी विमानतळावर जाऊन बसणार. अशा माणसाचं गेल्या पावसाळ्यात बालीचं विमान चुकलं. सकाळी बॅग घेऊन गेले, संध्याकाळी बॅग घेऊन परत आले. "चुकलं," एवढंच म्हणाले. आम्ही त्यांची महिनाभर टिंगल केली. त्यांनी उलट उत्तर दिलं नाही, याचं मला तेव्हा फक्त नवल वाटलं.

आणि मग या वर्षी ते कापड आलं.

कुणी प्रवासी घेऊन आला होता. हातभर रुंद, आणि लांबीला मात्र आमचा हॉल पुरेना. देवळातल्या मंडपाला वळचणीखालून चहूबाजूंनी बांधायची ही पट्टी असते. सीतेच्या शोधाला निघालेली सगळी मंडळी त्यावर होती. रेषा बापाकची होती. अर्ध्यापर्यंत रंग भरलेला होता, पुढे नुसती रेषा.

"इबू गेली," काकांनी सांगितलं. "रंग अर्धा राहिला. देवळाचा उत्सव जवळ आलाय. बापाकनी निरोप पाठवलाय, उरलेला रंग तू भर. भरून झालं की कापड तिकडे जायला हवं, कारण शेवटची काळी रेषा बापाकच मारतात. ती मारल्याशिवाय चित्र देवळात लावत नाहीत. आणि वेळेत झालं नाही तर उत्सवात मंडप उघडा राहील."

"अरेरे," मी म्हटलं. "मग बसा लगेच कामाला."

"मी एकटा? हे एका माणसाचं काम नव्हे. घराचं काम आहे," काका म्हणाले, आणि त्यांनी ते कापड आमच्या डायनिंग टेबलावर पसरलं.

त्यानंतर आम्ही जेवलो ते सोफ्यावर, मांडीवर ताटं घेऊन. टेबलावर नारळाच्या करवंट्यांत रंग. ऑफिसातून यावं, मोजे काढावेत, की काका हातात कुंचला देणार. अश्विनीला पिवळा आणि निळा मिळाला, कारण देवीचा हात हलका. मला तांबडा, तोही फक्त खडक आणि राक्षस. मी कुंचला टेकवला की मागून आवाज यायचा, "कुंपण!" म्हणजे रंग रेषेबाहेर गेला. ऑडिटमधलं जुनं भिंग घेऊन ते माझ्या मानेवर श्वास सोडत उभे असत. "कुंपण! अहो, कुंपण! बैल आहात का?" मी एकदा कुंचला आपटून उठलो आणि म्हटलं, काका, मी दिवसभर दहा माणसं सांभाळतो, मला घरी येऊन शिव्या खायच्या नाहीत. ते शांतपणे म्हणाले, "ती माणसं बिनरंगाची आहेत म्हणून सांभाळता येतात. बसा."

मी बसलो. का बसलो, ते माझं मलाच आजवर कळलेलं नाही.

पुढे एक दिवस रामलक्ष्मणांच्या मागे मला एक ढेरपोट्या दिसला. काळा, थोराड, डोळे थेट माझ्यासारखे. आपल्या जातीचं कुणीतरी भेटल्याचा आनंद झाला आणि मी त्याला हौसेनं राक्षसाचा तांबडा फासला, डोळ्यांतसुद्धा. काका भिंग घेऊन आले आणि त्यांचा आवाजच बसला.

"हा त्वालेन आहे!"

त्वालेन म्हणजे देवांच्या बाजूचा सेवक. दिसायला ओबडधोबड, बोलायला फटकळ, पण खरं तर थोरल्या देवांपैकी एक. माणसांची सेवा करायची म्हणून हे रूप घेऊन आलेला, असं तिकडे मानतात. रामालासुद्धा चार गोष्टी सुनावण्याचा त्याला अधिकार. काकांनी तो तांबडा काढायला अख्खी संध्याकाळ घालवली, ओल्या कापसानं, जखम पुसावी तसा.

"म्हणजे गोल डोळ्यांचा माणूस चांगलाही असू शकतो," मी म्हटलं. "मग मला इतके दिवस यांच्यात का नाही घातलं?"

"ती जागा मिळवावी लागते," काका कापूस पिळत म्हणाले.

कापड पुरं झालं तेव्हा शाळांना जूनची सुट्टी लागत होती आणि आम्ही नेमके बालीलाच निघालो होतो. समुद्रकाठचं हॉटेल, पोहायचा तलाव, चार दिवस कुणाचं तोंड बघायचं नाही, असा माझा बेत. काकांनी तो कॉरिडॉरमध्ये उभ्या उभ्या मोडला. कापडाची गुंडाळी नळीत घातली, नळी माझ्या हातात दिली, वर स्टीलचा डबा ठेवला. त्यात त्यांनी स्वतः केलेल्या नारळाच्या वड्या होत्या. "पोचल्या दिवशी कामासान. समुद्र कुठे पळून जात नाही."

"अहो, पण तुम्हीच का जात नाही? आमच्याबरोबर चला."

"झाडांना पाणी कोण घालणार?"

दोन कुंड्या! एक तुळस, एक कडीपत्ता, त्याही माझ्या जागेत! लिम आंटी घालतील म्हटलं, तर त्या जास्त घालतात. मिहिकेची मैत्रीण म्हटलं, ती कमी घालते. मी भयंकर चिडलो. अश्विनीनं नळी माझ्या हातातून घेतली आणि बॅगेत ठेवली.

त्यामुळे सुट्टीच्या पहिल्या दुपारी आम्ही समुद्राकडे पाठ करून कामासानला गेलो. वायान नावाचा पन्नाशीचा माणूस आम्हाला घ्यायला आला होता. बापाकचा थोरला मुलगा, पर्यटकांची गाडी चालवतो, इंग्रजी बऱ्यापैकी. घर साधंच. मधे अंगण, एका कडेला छपराचा उघडा ओटा, त्यावर चटया. बापाक खांबाला टेकून बसले होते. ते उठले नाहीत. माझ्या मागे बघत राहिले. मी वळून पाहिलं, मागे कुणी नव्हतं.

"केतुत नाही आला?" वायाननं विचारलं.

"कोण केतुत?"

वायानला हसू आलं. त्यानं बोटांवर मोजत सांगितलं. आमच्याकडे मुलांची नावं क्रमानं येतात. पहिला वायान, तो मी. दुसरी मादे, ती हॉटेलात कामाला. तिसरा न्योमान, तो जहाजावर. चौथा असतो त्याला केतुत म्हणतात. "इबूला तीनच झालो. मग एक वर्षी सिंगापूरहून एक माणूस आला, चित्रं बघायला. संध्याकाळी हॉटेलात परत जायचा होता, गेलाच नाही. इबू म्हणाली, हा आमचा केतुत. तेव्हापासून केतुतच."

मी अश्विनीकडे पाहिलं. "आहेत, आहेत" म्हणणारे आमचे काका.

ओट्यावर बापाकच्या डाव्या हाताला चटईचा एक तुकडा मोकळा होता. त्याच्या शेजारी एक बुटका पाट, तोही मोकळा. वायानचा नातू खेळता खेळता पाटावर बसायला गेला. बापाकनी हळू काहीतरी म्हटलं आणि पोरगं उठून दुसरीकडे बसलं. "पाट केतुतचा," वायान म्हणाला. "चटई इबूची."

मग त्यानंच सांगितलं. इबू गेली त्या दिवशी काकांनी चांगीहून फोन केला होता. गेटपाशी आलोय म्हणून. वायान गाडी घेऊन विमानतळावर गेला. विमान उतरलं. सगळी माणसं बाहेर आली, शेवटचा माणूस बाहेर आला, दिवे मालवायला लागले तरी तो उभा होता. नंतर काकांनी फोन उचलला नाही. आताही उचलत नाहीत. 'कापड येतंय' एवढाच संदेश.

विमान चुकलं नव्हतं तर. दातांच्या डॉक्टरकडे शटर उघडायच्या आधी जाणारा माणूस गेटपाशी बसून राहिला आणि विमान जाऊ दिलं. बोटभर फट ज्याला सहन होत नाही, त्याला त्या ओट्यावरची ती चटई बघायची नव्हती. मी उगाच खोकलो.

बापाकनी कापड उलगडलं. इबूचा रंग कुठे संपतो आणि आमचा कुठे सुरू होतो ते लांबूनही दिसत होतं. ते एकेका आकृतीवरून बोट फिरवत पुढे सरकत होते. अश्विनीच्या निळ्यापाशी थांबले आणि मान डोलावली. माझ्या खडकांपाशी आले आणि हसले. कुंपणाबाहेर गेलेला रंग त्यांनी पुसला नाही. पेनसारखी एक काडी काळ्या रंगात बुडवली आणि माझा रंग जिथवर गेला होता तिथवर रेषाच नेली. खडक थोडा मोठा झाला, इतकंच.

निघताना वायानच्या बायकोनं वड्यांचा डबा धुऊन परत दिला. बापाकनी तो मागून घेतला, आत काही टाकलं, झाकण लावलं आणि दोन्ही हातांनी माझ्या हातात ठेवला. उरलेले दिवस आम्ही समुद्रावर काढले. मी डबा हॉटेलच्या तिजोरीत ठेवला होता.

परत आलो तेव्हा काका कॉरिडॉरमध्येच होते, झाडांपाशी. आमची वाट बघत नसल्याचं दाखवत.

"पोचवलंत? भिजलं नाही ना? डबा धुऊन दिलाय का?" त्यांनी डबा हलवला. आत खडखडलं.

त्यांनी झाकण काढलं. आत कवडी होती. मुठीएवढी, पिवळसर, एका बाजूनं घासून घासून सपाट झालेली. काकांनी ती उचलली नाही. नुसते बघत राहिले. मग चष्मा कपाळावर चढवला आणि पुन्हा खाली घेतला. त्यांना कुठली चूक काढायची ते सापडत नसावं.

"इबूची," ते म्हणाले.

"काका," मी म्हटलं, "ओट्यावर दोन जागा रिकाम्या आहेत. इबूची कुणालाच भरता येणार नाही. पण दुसरी केतुतची आहे. बापाक तिथे घरच्या पोरालाही बसू देत नाहीत. आणि रिकामं ठेवायचं नाही, हे मला तुम्हीच शिकवलंत."

केतुत हे नाव माझ्या तोंडून ऐकल्यावर ते कुंड्यांकडे वळले. बराच वेळ ते तुळशीची वाळकी पानं खुडत राहिले. पानं संपल्यावर हिरवी खुडू लागले.

"पण झाडांना..."

"मी घालीन पाणी."

"तुम्ही? तुम्ही कडीपत्ता मारून टाकाल!" असं ओरडून त्यांनी माझ्या तोंडावर धाडकन दार लावलं. इतका संताप मला त्या माणसाचा याआधी कधी आला नव्हता. इतक्या लांब गेलो, सुट्टीचा एक दिवस घालवला, वर हे!

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध घ्यायला बाहेर आलो तर आमच्या दाराच्या कडीला त्यांच्या फ्लॅटची किल्ली टांगलेली होती. विमान दुपारचं होतं, असं पुढे कळलं. ते अर्थात पहाटेच गेले होते.

उत्सवाच्या दिवशी माझ्या फोनवर फोटो आला. मंडपाच्या वळचणीखाली आमची पट्टी, मधे माझे जाडजूड खडक. दुसरा फोटो ओट्यावरचा. बापाक खांबाला टेकलेले. शेजारी बुटक्या पाटावर, गुडघे छातीशी घेऊन, डोक्याला पांढरं फडकं बांधलेले आमचे काका. त्यांच्या मांडीवर नवं कापड, हातात कवडी. इबूच्या चटईवर फुलं ठेवलेली. खाली मराठीत मजकूर होता:

"त्वालेन, तुळशीला रोज पाणी. कडीपत्त्याला एक दिवसाआड. कुंड्या हलवू नका."

पहिला शब्द मी पुन्हा वाचला. मग अश्विनीला नेऊन दाखवला, मग मिहिकेला. ती म्हणाली, "सो व्हॉट? अंकल स्टिल स्कोल्डिंग यू." मी पाण्याचा तांब्या भरून बाहेर गेलो. कडीपत्त्याची त्या दिवशी पाळी नव्हती. तरी घातलं.